पाभर उचलायची जागा

वडील पेरणी करायचे तेव्हा रानाच्या मधोमध एका ठिकाणी पाभर उचलायचे. बैल चालतच राहायचे, चाड्यात बी सोडणारी आईची मूठ आवळली जायची, पाभरीची फणं मातीतून वर यायची आणि काही पावलं कोरडी गेली की पुन्हा खाली टेकायची. पेरणीच्या प्रत्येक ओळीला, प्रत्येक तासाला असं. बाजरी उगवून आली की हिरव्या रानात एक उघडी पट्टी दिसायची, केसांतल्या भांगासारखी.

ती वाट बौद्धवस्तीची होती. वस्तीपासून ओढ्याकाठच्या त्यांच्या स्मशानापर्यंत जायला तेवढीच एक सरळ वाट, आणि ती आमच्या जमिनीच्या गटातून जायची. लहानपणी मी त्या वाटेनं प्रेतं जाताना पाहिली आहेत. पांढरे कपडे घातलेली माणसं, पुढे वंदना म्हणणारा एक म्हातारा. वडील औत थांबवून बैल बाजूला घ्यायचे, डोक्यावरची टोपी काढायचे आणि माणसं ओढ्याकडे उतरेपर्यंत उभे राहायचे. एवढी जागा पडीक का ठेवायची, असं मी एकदा त्यांना विचारलं होतं. दहा वर्षांचा असेन. "आपलं न्हाई ते," ते म्हणाले आणि बैलांना हाकलं.

हे मी इतक्या प्रेमानं लिहितोय याचीच आता मला चीड येते. कारण वडील गेल्यावर ती वाट आम्ही नांगरली. आणि आम्ही म्हणताना सुद्धा मी भावाच्या मागे लपतो आहे.

मी नगरला लॉ कॉलेजात विधिशास्त्र शिकवतो. त्यात नैसर्गिक कायद्याचं एक प्रकरण आहे. माणसांनी केलेल्या कायद्याच्या वर एक कायदा असतो, तो कुणी लिहिलेला नसतो, विवेकाला कळतो, आणि लिहिलेला कायदा त्याच्याशी जुळत नसेल तर त्याला कायदा का म्हणायचं, असा त्याचा गाभा. वीस-बावीस वर्षं हे प्रकरण मी रंगवून शिकवलं. शिंगणापूरची दारं नसलेली घरं सांगायचो आणि पाठोपाठ वडिलांची पाभर सांगायचो. माझ्या वडिलांनी कायदा वाचला नव्हता पण पाळला होता, हे वाक्य म्हणून थोडं थांबायचो. पोरं गप्प व्हायची. मला ते आवडायचं. वर्गातली ती शांतता मी वडिलांच्या नावावर मिळवत होतो, आणि तेव्हा त्यांच्या पाभरीच्या जागेवर ऊस उभा होता.

शेती धाकटा भाऊ बघतो. वडिलांच्या पश्चात त्यानं कालव्याच्या पाण्यावर ठिबक केलं, बैल घोडेगावच्या बाजारात विकले आणि सगळं रान एकसलग करून ऊस लावला. ट्रॅक्टरला कुठं काही उचलायचं नसतं. त्यानं मला फोनवर एवढंच विचारलं होतं, "दादा, ती वाट नकाशात हाय का?" मी गावनकाशा पाहिला, गटाचा उतारा पाहिला. वाट कुठंच नव्हती. सातबाऱ्यावर इतर हक्कांचा रकाना कोरा होता. मी सांगितलं, नाही. खरं उत्तर तो मागतच नव्हता आणि मीही ते दिलं नाही. वाट आहे का, असं त्यानं विचारलं असतं तर काय सांगितलं असतं, याचा मी अनेकदा विचार केला आहे. बहुतेक तेव्हाही नकाशाच काढला असता.

वस्तीतल्या लोकांनी तहसीलदाराकडे अर्ज केला, की ही आमची पूर्वापार वहिवाट आहे, ती मोकळी करून द्या. अर्ज लिहिणारी बाई माझ्या शाळेतली, माझ्याहून दोन वर्गांनी मागे. आता ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. लहानपणी मला दादा म्हणायची. तिचे वडील साखर कारखान्यात कामाला होते, आणि माझ्या वडिलांशी बांधावर बसून तासनतास बोलायचे. कशाबद्दल बोलायचे कोण जाणे. मी कधी जवळ जाऊन ऐकलं नाही.

त्या अर्जाला उत्तर म्हणून आमच्या बाजूनं प्रतिज्ञापत्र गेलं. ते मी लिहिलं. भावाला दुसऱ्याकडून लिहून घेता आलं नसतं असं नाही, नेवाशात वकील होते. पण मी म्हणालो, कशाला दुसरा वकील, मी देतो. 'सदर गटातून पूर्वी कधीही रस्ता अगर पायवाट नव्हती व नाही.' हे वाक्य माझं आहे. 'अगर पायवाट' हे मी नंतर घातलं, पळवाट राहू नये म्हणून. शपथेवर सही केली. गावातलं कुणी आमच्याविरुद्ध जबाब द्यायला पुढे आलं नाही, नकाशात काही नव्हतं, अर्ज फेटाळला गेला. ते लोक वर प्रांताधिकाऱ्याकडे अपिलात गेले आणि तिथं प्रकरण पडून राहिलं.

मग पोळा आला. त्या वर्षी अमावास्या शनिवारी होती आणि शिंगणापूरला जाणाऱ्या गाड्यांनी सगळा रस्ता भरला होता. मी सणाला गावी आलो होतो. बैल नव्हतेच, भावानं ट्रॅक्टरला कुंकू लावून हार घातला होता आणि आम्ही पुरणपोळी खाऊन ओसरीवर बसलो होतो. बाहेर ऊस घराच्या पत्र्याएवढा झाला होता.

अर्ज लिहिणारी ती एकटीच आली. तिचे वडील पहाटे गेले होते. ओसरीवर आली नाही, अंगणातच उभी राहिली. तिनं काही मागितलं नाही असंच मी म्हणेन, कारण आवाजात मागणं नव्हतं. आजच्यापुरता दोन सऱ्यांचा ऊस तोडून वाट करून द्या, तोडायला आमची माणसं येतील, असं तिनं सांगितलं. पाऊस झालेला आहे, फाट्यावरून फिरून गेलं तर ओढा ओलांडावा लागेल, पाणी किती आहे माहीत नाही.

पुढे बरीच वर्षं मी लोकांना असंच सांगत राहिलो असतो की भाऊ नाही म्हणाला. भाऊ नाही म्हणाला नाही. तो माझ्याकडे पाहून हळूच म्हणाला, "देऊ का रं? मयत हाय." आणि मी त्याला आत नेऊन सांगितलं की प्रकरण प्रांताकडे चालू आहे, आज एकदा वाट दिली तर उद्या तीच वहिवाट म्हणून दाखवतील, फोटो काढतील, पंचनामा होईल. हा कायद्याचा सल्ला होता आणि अगदी बरोबर होता. भाऊ बाहेर जाऊन म्हणाला, जमणार नाही. मी आतच थांबलो. खिडकीतून तिची पाठ दिसली. ती घाईनं गेली नाही. ट्रॅक्टरच्या हाराकडे तिनं एकदा पाहिलं आणि चालायला लागली.

त्यांनी प्रेत टेम्पोत घेतलं. चार किलोमीटरचा फेरा, त्यात शनीला निघालेल्या गाड्यांची रांग. टेम्पो फाट्यावर दोन तास अडकला होता, हॉर्न वाजवणाऱ्या गाड्यांच्या मधे. ओढ्याला मांडीएवढं पाणी होतं आणि टेम्पो उतरेना, म्हणून माणसांनी तिरडी डोक्याच्या वर उचलून पलीकडे नेली. पलीकडच्या काठावर एकाचा पाय घसरला आणि तिरडी एका बाजूला कलली. हे मी पाहिलं नाही. भावानं पाहिलं. संध्याकाळी तो घरी आला, हातपाय धुतले आणि जेवला नाही. मला म्हणाला, "बा असता तर तुला चाबकानं हाणला असता. आन् मलाबी."

सोमवारी मी कॉलेजात गेलो. तो धडा पुढे आठवड्यावर होता, पण आलाच. शिंगणापूरच्या दारांपर्यंत आलो आणि वडिलांची पाभर गाळली. पाणी प्यायलो. पुढच्या मुद्द्याकडे गेलो. कुणाच्या काही लक्षात आलं नसेल. नेवासे तालुक्यात दारं नसलेली घरं आणि उसानं बंद केलेली वाट यांच्यात दहा-बारा किलोमीटरचंच अंतर आहे, हे मला तेव्हा कळलं असं नाही, पण टोचायला लागलं ते तेव्हापासून.

दसऱ्याच्या आधी मी तिच्या शाळेत गेलो. घरी जायची हिंमत नव्हती. शाळा सुटली होती, ती व्हरांड्यात वह्या तपासत होती. मला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. मी तयारी करून गेलो होतो. म्हटलं, माझं चुकलं. कागदावर असो नसो, ती वाट तुमचीच होती. मग माझ्यातला मास्तर जागा झाला. लिहिलेल्या कायद्याच्या वर एक कायदा असतो, मी त्याला बेइमान झालो, माझे वडील त्या कायद्यानं चालत होते, असं बरंच बोललो. बोलताना माझे डोळे भरून आले. ते अश्रू खरे होते, पण त्यांचा मला आधारही वाटत होता.

तिनं वही मिटली नाही. बोट त्या पानात ठेवून म्हणाली, "सर, वरच्या कायद्याचं आम्हाला सांगू नका."

मी डोळे पुसले.

"माझ्या आज्याला पाणवठ्यावर जाऊ देत नव्हते, ते कुठं लिहिलेलं होतं? कुठल्या सातबाऱ्यावर? हेच सांगायचे, निसर्गाचंच तसं आहे, बोटं सारखी नसतात. न लिहिलेल्या कायद्यात आम्ही पुष्कळ राहिलोय. आम्हाला लिहिलेला पाहिजे. आणि तुम्ही लिहिलंय. वाट कधीच नव्हती म्हणून लिहिलंय. आता लिहा, होती म्हणून."

मी म्हटलं, भावाला सांगून वाट मोकळी करून देतो, ऊस तुटला की लगेच, प्रांताकडे जायची गरजच पडणार नाही.

"देतो?" ती म्हणाली. "आणि तुमची पोरं बंद करतील तेव्हा?"

मग तिनं लाल पेन उचललं आणि पुढची वही ओढली. मी पाणी पिऊन उठलो. ती उठली नाही. लहानपणीच्या दादाचं सर कधी झालं ते मला माहीत नव्हतं, पण त्या व्हरांड्यात ते चार-पाच वेळा ऐकलं आणि प्रत्येक वेळी ते मला लागलं.

तिचा मला रागही आला. हेही लिहिलंच पाहिजे. नगरला परतताना एसटीत मी मनात तिच्याशी भांडत होतो. एवढा शिकलेला माणूस माफी मागायला आला, अजून काय पाहिजे. खोट्या प्रतिज्ञापत्राची शिक्षा काय असते ते मला पाठ होतं, मीच शिकवतो. सनद, नोकरी, नाव. हे तिला कळत नाही का? घोडेगाव मागे पडल्यावर कुठंतरी लक्षात आलं की तिला ते नीट कळत होतं, म्हणून तर ती ते मागत होती. ज्यात माझं काहीच जाणार नाही असं काही तिला माझ्याकडून नको होतं.

मी मसुदा केला. तिच्याकडे पाठवला, कारण अर्ज तिचा होता. शपथेवर सांगतो की आधीचं प्रतिज्ञापत्र गैरसमजातून दिलं गेलं; प्रत्यक्षात माझे वडील माणुसकीच्या भावनेनं वस्तीतील लोकांना सदर गटातून जाऊ देत असत. मला हा मसुदा चांगला वाटला होता. प्रामाणिक वाटला होता. चार दिवसांनी तो लाल रेघा मारून परत आला. दोन शब्दांवर काट होती, पोरांच्या निबंधावर मारतात तशी. 'गैरसमज' आणि 'माणुसकी'. बाकी काही लिहिलं नव्हतं.

गैरसमज का खोडला ते मला लगेच कळलं. मला समजलं होतं, पक्कं समजलं होतं, मीच 'अगर पायवाट' घातलं होतं. पण माणुसकीवरची काट मला कित्येक दिवस पटली नाही. वडिलांचा अपमान वाटला. दुसऱ्याच्या मयतासाठी जन्मभर जमीन सोडणारा माणूस, आणि त्याच्या चांगुलपणाचा एक शब्द हिला सहन होत नाही. मी तो कागद टेबलाच्या खणात टाकला. प्रांताकडची तारीख जवळ येत होती.

मग एक दिवस वडिलांचं बोलणं जसंच्या तसं आठवलं. ते म्हणाले होते, आपलं न्हाई ते. सोडलंय असं नव्हते म्हणाले. देतो, जाऊ देतो, असलं काही नव्हते म्हणाले. त्यांनी कधी कुणाला काही दिलं नव्हतं, फक्त जे आपलं नाही ते घेतलं नव्हतं. टोपी काढून उभे राहायचे ते मालक म्हणून नव्हे, दुसऱ्याच्या वाटेच्या कडेला. वर्गात बावीस वर्षं मी त्यांचा मोठेपणा विकत होतो, आणि मोठेपणा म्हटला की देणारा आला, देणारा आला की कधीतरी न देणाराही येतो. तो मी. त्या एका शब्दातून मी वाट पुन्हा आमच्या घराच्या ताब्यात ठेवत होतो, हे तिला वाचताक्षणी दिसलं आणि मला दिसायला दोन आठवडे लागले.

नवं प्रतिज्ञापत्र सहा ओळींचं झालं. वाट पूर्वापार आहे, ती वस्तीच्या हक्काची आहे, आधीचं कथन मी खोटं असल्याचं माहीत असून केलं. सही करण्याआधी मी शिक्षेचं कलम पुन्हा एकदा वाचलं. ते पश्चात्तापानं नव्हे, भीतीनं.

भावाला मी आधी सांगितलं नाही. हीदेखील माझी जुनी खोड. त्याला नोटीस मिळाली तेव्हा त्याचा फोन आला. मी शिव्यांची वाट पाहत होतो. तो शांतपणे बोलला. म्हणाला, "मयताच्या दिवशी मी देत हुतो, तवा तू कायदा सांगितला. आता मी देत न्हाई, तर तू धरम सांगतो. तुला रानातलं काय कळतं रं? तू फकस्त कागद फिरवतो." त्यानं फोन ठेवला. त्यानंतर तो माझ्याशी बोललेला नाही. भाऊबीजेला बहिणीकडे आम्ही वेगवेगळ्या वेळेला गेलो.

कॉलेजात मी प्राचार्यांना सगळं सांगितलं. त्यांनी लेखी मागितलं, मी लेखी दिलं. त्याचं पुढे काय होईल ते अजून ठरलेलं नाही. काही सहकारी माझ्याशी जपून बोलतात. एकजण म्हणाला, तुम्ही फार मोठं काम केलंत. त्याच्याशी मी आता बोलायचं टाळतो.

प्रांतानं प्रकरण पुन्हा जागेवरच्या पाहणीसाठी पाठवलं. ऊस तुटल्यावर, पाचट जाळून झालं तेव्हा महसूलचे सर्कल अधिकारी आले. तलाठी होते, वस्तीतली आठ-दहा माणसं होती, ती होती. भाऊ बोअरच्या खोलीला टेकून लांब उभा होता. रान काळं आणि सपाट पडलं होतं. सर्कल मला म्हणाले, प्रतिज्ञापत्र तुमचं आहे, तुम्हीच दाखवा वाट कुठून होती.

मी चालायला लागलो. वस्तीच्या बाजूनं ओढ्याच्या बाजूला. दिशा माहीत होती. पण रानाच्या मधे आल्यावर मला जागा सापडेना. ट्रॅक्टरनं सगळं एक करून टाकलं होतं, आणि मी ज्या वयात पाभरीमागे चालायला हवं होतं त्या वयात नगरच्या वसतिगृहात होतो. मी एका जागी थांबलो, मग चार पावलं मागे आलो. वस्तीतली माणसं काही बोलली नाहीत. त्यांनी मला मदत करायला हवी होती असं मला वाटलं, आणि ती त्यांनी का करावी हेही कळत होतं. सर्कलनं विचारलं, रुंदी किती होती. मी म्हटलं, सहा एक फूट असेल.

"आठ," ती म्हणाली.

सर्कलनं माझ्याकडे पाहिलं. मला माहीत नव्हतं. मी हो म्हणायला तोंड उघडलं, कारण हो म्हणणं सोपं होतं, तेवढ्यात भाऊ बोअरपासून चालत आला. माझ्याकडे न बघता सर्कलला म्हणाला, "त्याला काय इचारता, तो हितं हुता का? बा पाभर उचलायचा, मी मागं चालायचो. नऊ फूट. आन् हितून न्हाई, तिकडून." तो वीसेक पावलं पलीकडे गेला, ढेकळं तुडवत, आणि टाचेनं मातीत रेघ ओढली. मग नऊ फूट मोजून दुसरी. "लिहायचंच तर नीट लिहा," म्हणाला, आणि परत बोअरकडे गेला.

हे त्यानं तिच्यासाठी केलं असं मी समजत नाही. वडिलांच्या रानाबद्दल मी चुकीचं बोललेलं त्याला सहन झालं नाही. कसंही असो, वाट एका फुटानं रुंद झाली, आणि ते माझ्यामुळे नव्हे.

टेप लावला गेला. पंचनामा लिहिला. मी सही केली, भावानं सही केली. कागद तिच्याकडे गेला तेव्हा तिनं तो उभ्यानं दोनदा वाचला. तिचे वडील इथून गेले असते तर कुठल्या बाजूला आमचे वडील टोपी काढून उभे राहिले असते, असा विचार माझ्या मनात आला. मी तो तिला सांगितला नाही. तेवढं तरी मी शिकलो होतो.

शेवटच्या ओळीखाली चार बोटं कागद कोरा होता. तिनं तिथं बोट ठेवलं.

"इथं मोकळी जागा ठेवू नका," ती सर्कलला म्हणाली. "रेघ मारा."

सर्कलनं आडवी रेघ मारली. मग तिनं सही केली.